दोन नोबेलांचा अबोल मानकरी

ट्रान्झिस्टर म्हटले की मराठी घरांत बराच काळ एकच वस्तू डोळ्यांपुढे उभी राहत असे. चामड्याच्या वेष्टनातला, खांद्याला अडकवता येणारा आणि कसोटी सामन्याच्या दिवशी कुणाच्या तरी कानाला चिकटलेला छोटा रेडिओ. वास्तविक ट्रान्झिस्टर हे त्या रेडिओचे नाव नव्हे. रेडिओच्या पोटात असलेल्या, जेमतेम वाटाण्याएवढ्या एका घटकाचे ते नाव. हवेतून आलेला अतिशय क्षीण विद्युतसंकेत कानाला ऐकू येईल इतका मोठा करणे हे त्या घटकाचे काम. त्याच्या शोधाचे श्रेय तिघांच्या नावे नोंदले गेले. त्यांपैकी विल्यम शॉकले यांचे नाव अनेक कारणांनी गाजले, काही वेळा नको त्या कारणांनीही. जॉन बार्डीन यांचे नाव मात्र पदार्थविज्ञानाच्या वर्गाबाहेर क्वचितच घेतले जाते. पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक दोन वेळा मिळवणारी आजवरची ही एकमेव व्यक्ती आहे, हे ध्यानात घेतले तर या उपेक्षेचे नवल वाटते.

बार्डीन यांचा जन्म २३ मे १९०८ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन येथे झाला. वडील चार्ल्स रसेल बार्डीन हे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले अधिष्ठाता होते. आई अल्थिया या विवाहापूर्वी शिकागो येथे शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांच्या प्रयोगशील शाळेत शिकवीत असत. मुलाची गणितातील गती पाहून मधल्या तीन इयत्ता गाळून त्याला एकदम वरच्या शाळेत घालण्यात आले. १९२० साली आईचे कर्करोगाने निधन झाले, तेव्हा जॉन जेमतेम बारा वर्षांचा होता. पुढे आयुष्यभर टिकलेला त्याचा अबोलपणा त्या घरातल्या दुःखातून आला की तो मूळचाच होता, हे ठरवण्याचा प्रयत्न चरित्रकारांनी केला आहे. त्यात फारसे पडण्याचे कारण नाही. वयाच्या पंधराव्या वर्षी तो विद्यापीठात दाखल झाला आणि त्याने विद्युत अभियांत्रिकी हा विषय निवडला. वडिलांप्रमाणे प्राध्यापकी करायची नाही, असा त्यामागचा विचार होता. ज्यांनी पुढे जवळपास चाळीस वर्षे विद्यापीठात काढली, त्यांच्या आयुष्याची सुरुवात अशी झाली.

१९२८ मध्ये पदवी आणि १९२९ मध्ये पदव्युत्तर पदवी घेऊन बार्डीन पिट्सबर्ग येथील गल्फ या तेल कंपनीच्या संशोधनशाळेत रुजू झाले. जमिनीच्या पोटात तेल कोठे आहे, याचा अंदाज चुंबकीय आणि गुरुत्वीय मोजमापांवरून बांधण्याचे ते काम होते. अमेरिकेत मंदीने हाहाकार माजलेला असताना ही पक्की नोकरी सोडून ते १९३३ मध्ये प्रिन्स्टनला गेले आणि युजीन विग्नर यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेटचे काम करू लागले. विषय होता धातूच्या पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्यास लागणारी ऊर्जा. पदार्थाच्या आत काय चालते यापेक्षा त्याच्या कडेला, पृष्ठभागावर काय चालते, या प्रश्नाशी त्यांची गाठ इथे प्रथम पडली. पुढे हार्वर्ड, मग मिनेसोटा विद्यापीठ, १९३८ मध्ये जेन मॅक्सवेल यांच्याशी विवाह आणि महायुद्धाच्या काळात वॉशिंग्टनच्या नौदल प्रयोगशाळेत चुंबकीय सुरुंगांसंबंधीचे काम, असा क्रम आहे. युद्ध संपताच, ऑक्टोबर १९४५ मध्ये, ते न्यू जर्सीतील मरे हिल येथे बेल प्रयोगशाळेत आले.

बेल प्रयोगशाळा ही टेलिफोन कंपनीची. टेलिफोनचा आवाज तारेतून जसजसा दूर जातो तसतसा तो क्षीण होत जातो. मध्ये ठराविक अंतरावर तो पुन्हा मोठा करावा लागतो. हे काम तोवर निर्वात नळ्या, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह, करीत असत. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये बनवलेल्या तीन टोकांच्या नळीला सुधारून बेल कंपनीने १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को बोलणे शक्य केले होते. परंतु या नळ्या तापत, वीज खात, जळून जात आणि सुरू होण्यापूर्वी काही क्षण घेत. देशभर पसरलेल्या टेलिफोनच्या जाळ्यात अशा हजारो नळ्या सांभाळणे जिकिरीचे होते. त्याऐवजी एखादा घन पदार्थच हे काम करू शकेल काय, असा प्रश्न होता.

शॉकले यांच्याकडे त्याचे उत्तर तयार होते, निदान कागदावर तरी. सिलिकॉनच्या पातळ थराजवळ धातूची पट्टी ठेवायची, तिला व्होल्टेज द्यायचे आणि त्या विद्युतक्षेत्राने सिलिकॉनमधला प्रवाह कमीजास्त करायचा. हिशेब अचूक होता. प्रयोग मात्र काही केल्या जमेना. प्रवाहात जो बदल दिसायला हवा होता त्याचा मागमूसही आढळत नव्हता. बार्डीन आले तेव्हा शॉकले यांनी हा हिशेब त्यांना तपासायला दिला. हिशेबात चूक नाही, असे बार्डीन यांनी सांगितले. मग चूक कोठे आहे, हा प्रश्न मात्र त्यांनी सोडला नाही.

जागेच्या टंचाईमुळे बार्डीन यांना स्वतंत्र खोली मिळाली नव्हती. वॉल्टर ब्रॅटन आणि जेराल्ड पिअर्सन या प्रयोग करणाऱ्या दोघांच्या खोलीत त्यांना टेबल मिळाले. पुढच्या इतिहासात या टंचाईचा वाटा मोठा आहे. ब्रॅटन हे पशुपालन करणाऱ्या कुटुंबात वाढलेले, मोकळेढाकळे, मोठ्याने बोलणारे. बार्डीन इतके हळू बोलत की पुढे विद्यार्थ्यांनी त्यांचे नावच कुजबुजणारा जॉन असे पाडले. दोघांचे सूर मात्र विलक्षण जुळले. ब्रॅटन हातांनी उपकरण उभे करीत आणि बार्डीन शेजारी उभे राहून मिळालेल्या आकड्यांचा अर्थ लावीत.

१९४६ च्या मार्चमध्ये बार्डीन यांना शॉकले यांच्या अपयशाचे कारण सापडले. अर्धवाहकाच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन अडकून पडतात आणि तिथे भाराचा एक थर तयार होतो. बाहेरून लावलेले विद्युतक्षेत्र हा थर स्वतःवरच झेलतो, आत पोहोचूच देत नाही. दारात पहारा बसलेला असल्यावर आतल्यांना निरोप मिळायचा कसा? वाक्य सोपे वाटते, पण या एका विचाराने संशोधनाची दिशा बदलली. यंत्र बनवण्याचा हट्ट काही काळ बाजूला ठेवून सारा गट पृष्ठभागाचा अभ्यास करू लागला. अपयश झाकण्याऐवजी त्याचाच सिद्धांत बनवणे ही बार्डीन यांची खासियत, असे या लेखकाला वाटते.

१७ नोव्हेंबर १९४७ रोजी ब्रॅटन यांना आढळले की सिलिकॉन द्रवात बुडवले आणि त्या द्रवातून व्होल्टेज दिले तर पृष्ठभागावरचा तो पहारा भेदता येतो. तिथून पुढचे महिनाभराचे काम म्हणजे शास्त्राच्या इतिहासातला एक फार रंगतदार भाग आहे. चार दिवसांनी बार्डीन यांनी सुचवले, की पाण्याचा एक थेंब पृष्ठभागावर ठेवावा आणि त्यातून एक धातूचे टोक सिलिकॉनला टेकवावे. थोडेसे वर्धन मिळाले. ८ डिसेंबरला सिलिकॉनऐवजी जर्मेनियम वापरण्याची कल्पना पुढे आली, तीही बार्डीन यांचीच. त्या दिवशी शक्ती तब्बल ३३० पट वाढली. आनंद व्हावा असाच आकडा होता. अडचण एवढीच की द्रवातले आयन मंदगतीने हलतात, त्यामुळे हे सारे सेकंदाला दहा कंपनांच्या खालीच चालत होते. माणसाचा आवाज सेकंदाला शेकडो ते हजारो कंपनांचा. टेलिफोनला या यंत्राचा काडीचाही उपयोग नव्हता.

द्रव हटवायला हवा होता. रॉबर्ट गिबनी या रसायनतज्ज्ञ सहकाऱ्याने जर्मेनियमवर ऑक्साइडचा पातळ थर देऊन त्यावर सोन्याचा ठिपका बसवून दिला. तो थर सोने आणि जर्मेनियम यांना वेगळे ठेवील अशी अपेक्षा होती. परंतु तुकडा धुताना ऑक्साइडही धुऊन गेले आणि सोने थेट जर्मेनियमला भिडले. प्रयोग फसला, असे म्हणून तुकडा फेकून देता आला असता. ब्रॅटन यांनी तसे केले नाही. १५ डिसेंबरला सोन्याच्या ठिपक्याला धन आणि त्याच्या अगदी शेजारी टेकवलेल्या टोकाला ऋण व्होल्टेज दिले, तेव्हा व्होल्टेज दुप्पट झालेले दिसले आणि तेही सेकंदाला दहा हजार कंपनांपर्यंत. शक्ती मात्र वाढली नाही.

इथे क्षणभर थांबायला हवे, कारण साऱ्या कथेचे मर्म या दोन शब्दांतील फरकात आहे. व्होल्टेज गेन म्हणजे जितके व्होल्टेज आत दिले त्याच्या कितीपट बाहेर मिळाले, हा आकडा. केवळ व्होल्टेज वाढवणे ही काही मोठी गोष्ट नव्हे. आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज कमी करतो, तसाच उलटा जोडला तर ते वाढवतोही. पण तो जितके व्होल्टेज वाढवतो तितकाच प्रवाह घटवतो. व्होल्टेज आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, आणि ती जशीच्या तशी राहते, किंबहुना किंचित कमीच होते. हातात काही पडत नाही. खरा प्रवर्धक तोच, जो व्होल्टेजबरोबर शक्तीही वाढवतो. ही जादा शक्ती अर्थातच शून्यातून येत नाही, बॅटरीतून येते. लहानसा संकेत बॅटरीच्या मोठ्या शक्तीला आपल्या तालावर नाचवतो, एवढाच काय तो चमत्कार.

म्हणून १५ डिसेंबरला मिळालेले दुप्पट व्होल्टेज हे यश नव्हते, पण ते यशाचे दार होते. बार्डीन यांच्या लक्षात आले की सोन्यातून जर्मेनियममध्ये धन भार शिरत आहेत आणि दुसऱ्या टोकाकडे ओढले जात आहेत. ही दोन टोके पुरेशी जवळ आणली तर बहुतेक भार पलीकडे पोहोचतील. किती जवळ? एका इंचाच्या हजाराव्या भागाच्या दुपटीइतके, म्हणजे सुमारे अर्ध्या दशांश मिलिमीटरचे अंतर. त्या काळी इतक्या बारीक तारा शेजारी शेजारी टेकवणे जवळपास अशक्य होते. ब्रॅटन यांनी काढलेली तोड कौतुकास्पद आहे. त्यांनी प्लास्टिकच्या एका त्रिकोणी तुकड्याच्या कडेवर सोन्याचा वर्ख गुंडाळला आणि त्रिकोणाच्या टोकाशी दाढीच्या पात्याने त्याला हलकेच चीर दिली. एकाच वर्खाचे दोन भाग झाले, मध्ये केसाएवढी फट. हा त्रिकोण एका स्प्रिंगने जर्मेनियमच्या तुकड्यावर दाबून धरला.

१६ डिसेंबर १९४७ च्या दुपारी या ओबडधोबड उपकरणाने व्होल्टेज पंधरापट आणि शक्ती १.३ पट करून दाखवली. दोन आकड्यांत एवढी तफावत का, असा प्रश्न चौकस वाचकाला पडेल. शक्ती वाढण्याचा आकडा म्हणजे व्होल्टेजचा आणि प्रवाहाचा असे दोन गेन गुणून येणारा आकडा. पंधराला कितीने गुणले की १.३ येतात? साधारण एक अकरांशाने. म्हणजे आत दिलेल्या प्रवाहाचा बाराव्या-अकराव्या हिश्शाइतकाच बदल पलीकडे उमटत होता आणि तरीही हिशेब नफ्याचाच होता. मग जोडणीत फेरफार करून पाहिले, तेव्हा व्होल्टेजचा गेन चारवर उतरला आणि शक्तीचा साडेचारवर चढला. एकाची किंमत मोजून दुसरे मिळवण्याची ही देवाणघेवाण प्रवर्धकाची रचना करणाऱ्याला आजही चुकलेली नाही.

व्होल्टेज वाढते ते का, याचे उत्तर ट्रान्झिस्टर या नावातच दडले आहे. हे नाव बेलमधील जॉन पिअर्स यांनी सुचवले. आत जाणाऱ्या वाटेचा विद्युतरोध कमी असतो, बाहेर पडणाऱ्या वाटेचा जास्त. समजा, आत पाचशे ओहमचा रोध आहे आणि बाहेर दहा हजार ओहमचा. एक मिलिअँपिअर प्रवाह आत ढकलायला अर्धा व्होल्ट पुरतो. तोच प्रवाह जवळपास पूर्णपणे पलीकडे पोहोचला तर दहा हजार ओहममधून जाताना तो दहा व्होल्ट उभे करतो. अर्ध्याचे दहा, म्हणजे वीसपट. प्रवाह तोच, पण तो कमी रोधाकडून जास्त रोधाकडे हस्तांतरित झाला. पदविकेच्या वर्गात आज शिकवली जाणारी जोडणी थोडी निराळी असते. तिथे बेसवरचे व्होल्टेज केवळ एक मिलिव्होल्टने वाढले की कलेक्टरचा प्रवाह सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. मूळ प्रवाह एक मिलिअँपिअर असेल आणि त्याच्या वाटेत पाच हजार ओहमचा रोध असेल, तर त्या चार टक्क्यांनी दोनशे मिलिव्होल्टचा फरक पडतो. एकाचे दोनशे. रोध वाढवला तर गेन वाढतो, पण बॅटरीच्या व्होल्टेजची मर्यादा ओलांडता येत नाही.

त्या संध्याकाळी घरी परतल्यावर बार्डीन यांनी स्वयंपाकघरात असलेल्या पत्नीला आज काहीतरी महत्त्वाचे सापडले एवढेच सांगितले. अधिक काही ते बोलले नाहीत. एरवी प्रयोगशाळेतले कामकाज घरी न काढणाऱ्या या माणसाने तेवढे सांगणे हेच घरच्यांना विशेष वाटले. २३ डिसेंबरला वरिष्ठांसमोर प्रात्यक्षिक झाले. मायक्रोफोनमध्ये बोललेला आवाज या उपकरणातून नेला की ठळकपणे मोठा होत होता, आणि उपकरण बाजूला काढताच पुन्हा लहान. या वेळी शक्ती अठरापट वाढल्याची नोंद ब्रॅटन यांच्या वहीत आहे. दुसऱ्या दिवशी त्याच मंडलातून अखंड कंपने निर्माण करून दाखवण्यात आली. स्वतःचाच बाहेरचा संकेत परत आत घेऊन कंपने चालू ठेवायला शक्ती खरोखरच वाढावी लागते. त्यामुळे संशयाला जागा उरली नाही.

आणि इथूनच कटुतेला सुरुवात झाली. गटाचे प्रमुख शॉकले होते, पण शोध त्यांच्या हातून निसटला होता. वर्ष संपता संपता शिकागोच्या एका हॉटेलात एकटे बसून त्यांनी वेगळ्या प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा विचार सुरू केला आणि जानेवारी १९४८ मध्ये जंक्शन ट्रान्झिस्टरची कल्पना पूर्ण केली. काही आठवडे त्यांनी ती आपल्याच गटातील सहकाऱ्यांपासून लपवून ठेवली. टोकांच्या ट्रान्झिस्टरचे पेटंट बार्डीन आणि ब्रॅटन या दोघांच्याच नावे दाखल झाले. शॉकले यांच्या मूळ कल्पनेशी मिळतीजुळती पेटंटे लिलिएनफेल्ड या संशोधकाने पूर्वीच घेतलेली असल्याने कंपनीच्या वकिलांनी त्यांचे नाव दूर ठेवले होते. शॉकले दुखावले ते दुखावलेच.

३० जून १९४८ रोजी न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांना ट्रान्झिस्टर दाखवण्यात आला. आमच्या व्यवसायाला फारसे भूषणावह नाही, पण न्यूयॉर्क टाइम्सने दुसऱ्या दिवशी ही बातमी आतल्या पानावर, रेडिओच्या कार्यक्रमांच्या सदरात, चार परिच्छेदांत उरकली. त्या वेळी काढलेले प्रसिद्धीचे छायाचित्र मात्र जगभर गेले. त्यात ब्रॅटन यांच्या टेबलावरच्या उपकरणांपुढे शॉकले बसलेले दिसतात आणि ज्यांनी ते उपकरण बनवले ते दोघे मागे उभे आहेत. ब्रॅटन यांना ते छायाचित्र अखेरपर्यंत आवडले नाही. बार्डीन यांनी त्याबद्दल कधी तक्रार केल्याचे दिसत नाही. तक्रार त्यांनी वेगळ्या गोष्टीबद्दल केली. जंक्शन ट्रान्झिस्टरचे काम शॉकले यांनी पूर्णपणे आपल्या मुठीत ठेवले आणि या दोघांना त्यापासून दूर लोटले. ज्या क्षेत्राचा पाया आपण घातला त्यात आपल्यालाच काम उरलेले नाही, हे पाहून बार्डीन यांनी वरिष्ठांना कारणे कळवली आणि १९५१ मध्ये बेल सोडून ते इलिनॉय विद्यापीठात गेले. वर्षाला दहा हजार डॉलर पगार आणि हवे ते संशोधन करण्याची मोकळीक, एवढ्यावर त्यांनी होकार दिला.

शॉकले यांना खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. न्यायाने बोलायचे तर जगाने पुढे वापरला तो ट्रान्झिस्टर बव्हंशी त्यांच्या कल्पनेतला होता. टोकांचा ट्रान्झिस्टर नाजूक होता, धक्का लागला की बिघडे आणि दोन नग सारखे निघत नसत. परंतु अर्धवाहकात धन भार सोडता येतात आणि त्यांच्या साह्याने वर्धन होते, हे सिद्ध झाल्याशिवाय शॉकले यांची कल्पना जन्मलीच नसती.

पुढचा प्रवास वेगाने झाला. श्रवणयंत्र बनवणाऱ्यांकडून बेलने ग्रॅहॅम बेल यांच्या स्मरणार्थ स्वामित्वशुल्क घेतले नाही आणि १९५२ च्या अखेरीस ट्रान्झिस्टर असलेले श्रवणयंत्र बाजारात आले. १९५४ मध्ये अमेरिकेत चार ट्रान्झिस्टरांचा खिशात मावणारा रेडिओ ४९ डॉलर ९५ सेंटला विकला जाऊ लागला. पुढच्या वर्षी टोकियोतील एका छोट्या कंपनीने, जी पुढे सोनी म्हणून प्रसिद्ध झाली, आपला रेडिओ आणला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी सकाळी बार्डीन न्याहारीसाठी अंडी परतत असताना रेडिओवर नोबेलची बातमी आली आणि हातातले भांडे खाली पडले, असे सांगतात. शॉकले, बार्डीन आणि ब्रॅटन या तिघांना ते विभागून मिळाले होते. स्टॉकहोममध्ये समारंभाच्या रात्री तिघे एकत्र बसले आणि काही तासांपुरता जुना कडवटपणा विसरला गेला. मुलांना सर्वांना सोबत का आणले नाही, असे स्वीडनच्या राजांनी बार्डीन यांना विचारले. पुढच्या वेळी आणीन, असे त्यांनी कबूल केले. थट्टेतले हे वचन त्यांनी १९७२ मध्ये खरे केले.

पहिल्या नोबेलच्या वेळी त्यांचे मन तिथे पूर्णपणे नव्हतेच. एका जुन्या कोड्याने त्यांना घेरले होते. काही धातू अतिशय थंड केले की त्यांचा विद्युतरोध नाहीसा होतो, हे कॅमरलिंग ओनेस यांनी १९११ मध्ये पाऱ्यावर दाखवले होते. का होतो, हे कुणालाच सांगता येत नव्हते. बार्डीन १९३० च्या दशकात या प्रश्नापुढे एकदा हरले होते. पुन्हा तिथेही अपयशाचा माग काढण्याची तीच सवय उपयोगी पडली. लिऑन कूपर हा तरुण संशोधक आणि रॉबर्ट श्रीफर हा विद्यार्थी यांना सोबत घेऊन त्यांनी १९५७ मध्ये अतिवाहकतेचा सिद्धांत मांडला. तिघांच्या आद्याक्षरांवरून तो बीसीएस म्हणून ओळखला जातो. रुग्णालयांतील एमआरआय यंत्रांची चुंबके ज्या अतिवाहक तारांच्या गुंडाळ्यांनी बनतात, त्यांचे वागणे याच सिद्धांताने समजते. एकाच विषयात एका व्यक्तीला दुसऱ्यांदा नोबेल दिले जात नाही, असा समज असल्याने आपल्यामुळे या दोघा तरुणांचे पारितोषिक हुकेल, याची चिंता बार्डीन यांना वर्षानुवर्षे होती. ते मिळाले त्या दिवशी पत्रकार परिषदेला निघताना त्यांच्या गॅरेजचे ट्रान्झिस्टरवर चालणारे दार बिघडले.

ते नेहमी बरोबर असत असे नाही. १९६२ मध्ये केंब्रिजच्या २२ वर्षांच्या ब्रायन जोसेफसन या विद्यार्थ्याने दोन अतिवाहकांमधील पातळ अडसरातून इलेक्ट्रॉनांच्या जोड्या पार जातील असे भाकीत केले, तेव्हा बार्डीन यांनी ते जाहीरपणे अमान्य केले. प्रयोगांनी जोसेफसनच्या बाजूने कौल दिल्यावर त्यांनी आपला आक्षेप मागे घेतला.

शेजाऱ्यांना ते गोल्फची आवड असलेले, अंगणात मित्रांना खाऊ घालणारे साधे गृहस्थ म्हणून ठाऊक होते. त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षे खेळणाऱ्या एका गोल्फपटूने शेवटी एकदा, तुम्ही पोटापाण्यासाठी काय करता, असे विचारल्याची गोष्ट सांगितली जाते. एका फटक्यात चेंडू खळग्यात घालण्याचे मोल किती नोबेलांइतके, या प्रश्नावर दोन नोबेल कदाचित थोडी वरचढ ठरतील, असे त्यांचे उत्तर होते. १९४९ मध्ये बेलच्या सहकाऱ्यांनी त्यांना ट्रान्झिस्टरांवर चालणारी, सूर काढणारी एक छोटी पेटी करून दिली होती. इलिनॉयमध्ये ती ते विद्यार्थ्यांना दाखवीत. नळ्यांप्रमाणे तापण्याची वाट न पाहता कळ दाबताच ती वाजे, हे पाहून तरुण निक होलोन्याक चकित झाले. ते बार्डीन यांचे पहिले विद्यार्थी ठरले आणि १९६२ मध्ये डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा एलईडी त्यांनीच बनवला.

१९७५ मध्ये निवृत्त झाल्यावरही बार्डीन यांचे संशोधन थांबले नाही. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी नव्या विषयात हात घातला आणि त्यातही तरुणांशी वाद घातले. १९९० मध्ये सोनी कंपनीने त्यांच्या नावाने इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापकपद निर्माण करण्यासाठी ३० लाख डॉलर दिले. त्या पदावर पहिली नेमणूक होलोन्याक यांची झाली. ३० जानेवारी १९९१ रोजी बोस्टन येथे हृदयविकाराने बार्डीन यांचे निधन झाले, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. मॅडिसनच्या फॉरेस्ट हिल दफनभूमीत, ज्या गावात ते वाढले तिथेच, त्यांचे अंत्यसंस्कार झाले.